पूर्व बंगळूरचे गोधन आणि हिवाळ्याची वैरण

कोलार आणि होसकोटे यांवरून बंगळुरास येणाऱ्या जुन्या वाटेवर महादेवपुरा नावाचा जो विभाग आज संगणकव्यवसायाच्या काचबंद इमारतींसाठी विख्यात आहे, आणि जो २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत रीतसर विलीन झाला, त्याच्या आसमंतातील भूमी थोड्याच पिढ्यांपूर्वी नाचणीची शेते, पावसाच्या पाण्यावर भरणारी तळी आणि गुरांची कुरणे यांनी व्यापलेली होती. या भागात पाऊस वर्षाकाठी सुमारे नऊशे मिलिमीटर पडतो. परंतु कार्तिक सरला की त्याचा बहुतांश हप्ता संपतो, आणि मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत लाल मातीच्या या पठारावर तळ्यांचे काठ सोडले तर हिरवे गवत दृष्टीस पडत नाही. थंड देशांतील गोपालकास हिवाळ्याची चिंता हिमामुळे करावी लागते, तर येथील रयतेस ती वाळलेल्या रानामुळे करावी लागे. आणि हे चार-पाच महिने दावणीची जनावरे कशी तगवावयाची, या एका प्रश्नाभोवती तिची पेरणी, मळणी आणि सणवारदेखील रचले गेले होते.

त्या दावणीला जी गाय असे तिला कानडी मुलखात ‘नाटी’ म्हणतात. ती बांध्याने लहान, खुराने कणखर आणि दुधाला बेताची. हिच्याहूनही ठेंगणी अशी पुंगनूरची गाय येथून पूर्वेस, आंध्रातील चित्तूरच्या बाजूला, एका जुन्या जमीनदारीच्या गावाभोवती वाढली. तिची उंची अडीच-तीन फुटांपलीकडे सहसा जात नाही. पश्चिमेकडे घाटमाथ्याच्या पावसाळी रानात मलनाड गिड्डा आहे, आणि आपल्या कोकणातील कपिला ही त्याच कुळीची शोभेल अशी चणीने लहान गाय आहे. विलायती मापाने पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना अशा गुरांत केवळ ऱ्हास दिसत असे. मला हा निर्णय उतावळेपणाचा वाटतो. जनावर दिवसाकाठी आपल्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन भाग इतका कोरडा चारा खाते, हे सामान्य प्रमाण धरले, तर दीडशे किलोच्या गाईस चार-साडेचार किलो वैरण पुरते, आणि साडेचारशे किलोच्या विलायती गाईस त्याच्या तिप्पट लागते. ज्या कुणब्याची सारी ठेव म्हणजे दोन-तीन एकरांवरच्या नाचणीचे काड, त्याच्या दारी कोणती गाय फाल्गुन पाहील, हे या हिशेबातच ठरलेले होते.

नाचणीचे काड हा या मुलखातील पशुपालनाचा पाया होय. ज्येष्ठ-आषाढात पेरलेले पीक कार्तिक-मार्गशीर्षात कापले जाई. पेंढ्या काही दिवस शेतातच सुकू देत आणि मग कणसांसकट त्यांची गंजी रचीत. मळणीची घाई कोणी करीत नसे. गंजीत पीक मुरले म्हणजे दाणा सहज सुटतो, म्हणून संक्रांतीच्या सुमारास किंवा त्यानंतरही सवडीने खळे लागे आणि त्यावर बैलांकडून दगडी रूळ फिरविला जाई. या रुळाने दाणा झडे, आणि त्याचबरोबर ताठ काड चेपून मऊ होई, त्यामुळे गुरे ते आवडीने खात व गव्हाणीत चघळ थोडी उरे. मळलेल्या काडाची पुन्हा गंजी लागे. माथा उतरता ठेवून नीट रचलेली अशी गंजी एखादे अवर्षण पार पडेपर्यंत टिके. भाताच्या पेंढ्याहून हे काड सकस, त्यात चुन्याचा अंश मोठा, म्हणून दुभत्या व गाभण गाईस विशेष मानवणारे.

तथापि केवळ काडावर जनावर जगले तरी झिजते. काडात प्रथिनांचा अंश शेकडा तीन-चारच असतो, आणि तो सहा-सातांच्या खाली गेला की गुराच्या पोटातील ज्या सूक्ष्म जंतूंच्या बळावर चाऱ्याचे पचन होते तेच उपाशी राहतात. मग पोट भरलेले दिसते आणि अंग मात्र आटत जाते. प्रयोगशाळेत हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी येथील शेतकऱ्याने त्यावर उपाय योजला होता. नाचणीच्या शेतात तो ठराविक तासांच्या अंतराने पावट्याची इरवड घाली, ज्यास कानडीत अवरे म्हणतात, आणि कडेने कारळे, एरंड, मोहरी टोकी. नाचणी निघाल्यावर थंडीच्या दवावर पावटा फुले आणि पौषात शेंगा देई. दाणे बंगळूरच्या बाजारात जात, आणि टरफले, पाला व वेल दावणीला येत. म्हणजे काडात जे उणे ते त्याच शेताच्या पुढच्या तासात उभे असे. नांगराच्या बैलांना यावर भिजवलेले हुलगे आणि भुईमुगाची किंवा तिळाची पेंड मिळे; गाईच्या वाट्याला कोंडा आणि माघानंतर तळ्याच्या उघड्या पडलेल्या गाळपेरातील ओले गवत येई. संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, पेटत्या काडावरून उडविण्याची जुन्या म्हैसूर मुलखातील चाल पाहिली, की हा सण गंज्या भरलेल्या असतानाच का यावा, याचा उलगडा होतो.

रयतेची गाय जशी गंजीवर, तशी सरकारची खिल्लारे कुरणांवर पोसली जात. सन १६३८ च्या सुमारास विजापूरकरांच्या वतीने बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हा कोलार, होसकोटे, दोड्डबल्लापूर व शिरे हे प्रांतही त्यांच्या हाती होते. पुढे हे ठाणे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. याच राजाने ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची चावडी, या नावाचे गुरांचे खाते उभारले; हैदराने त्याला लष्करी रूप दिले आणि टिपूने त्याचे ‘अमृतमहाल’ असे नामांतर करून हुकूमनाम्याने त्याची शिस्त घालून दिली. या खात्याचे बैल हळ्ळीकारांच्या कुळीचे, नाटी गाईहून मोठे व चपळ. तरी त्यांच्या संगोपनाचे मर्म तेच. खात्याच्या कुरणांना ‘कावल’ म्हणत, आणि त्यांची वाटणी पावसाळी, हिवाळी व उन्हाळी अशी ऋतुपरत्वे केलेली असे. पावसाळी व हिवाळी कावलांत त्या त्या काळी गवतपाणी विपुल, पण उन्हाळ्यात ती करपत. उन्हाळी कावले बहुधा तळ्यांच्या पोटातली, जेथे भर चैत्रातही हिरवळ, पाणी आणि झाडांची सावली सापडे. १८०३ साली मराठ्यांविरुद्ध आलेल्या वेलस्लीच्या तोफा व रसद ओढणाऱ्या जनावरांत म्हैसूरचे बैल होते. त्याच मोहिमेतील असईच्या पराभवाची कारणे मोजताना आपल्या इतिहासकारांनी कवायती पलटणींइतकेच लक्ष या कुरणांकडे द्यावयास हवे होते. पुढे १८६० साली काटकसरीच्या नावाखाली इंग्रजांनी ही खिल्लारे विकून टाकली, आणि पस्तावून १८६६ साली खाते पुन्हा उभे केले.

विसाव्या शतकात दृष्टी दुधाकडे वळली. बंगळुरात आडुगोडीस १९२३ साली जी इंपीरियल पशुसंवर्धन व दुग्धसंस्था नावारूपास आली, तिच्यात १९२७ साली प्रकृतीसाठी बंगळुरी राहिलेले गांधीजी गोपालनाचे पाठ घ्यावयास जात, आणि पुढे वर्गीज कुरियन यांचेही आरंभीचे शिक्षण तेथेच झाले. संकरित गाईने दूध वाढविले, हे निर्विवाद आहे. परंतु तिच्या खाण्याचा प्रश्न मागे राहिला, कारण तिला रोज हिरवा चारा हवा आणि नाचणीचे रान तर शहर गिळीत चालले. महादेवपुऱ्याच्या परिसरात उरलेले गवळी बेळंदूर-वरतूरच्या तळ्यांकाठचे, सांडपाण्यावर माजलेले गवत कापून आणतात. त्या पाण्यातील कारखानी विष दुधात किती उतरते, ही चिंता साधी नाही. काड आता ग्रामीण भागातून विकत आणावे लागते.

आडुगोडीसच १९९५ साली स्थापन झालेल्या पशुपोषण संस्थेचा विषय पुन्हा हाच आहे: काड, भुसा आणि टरफले यांतून जनावरास अधिक पोषण कसे मिळावे. शंभर किलो काडावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून ते तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवण्याची जी रीत गेल्या चाळीस वर्षांत शेतकऱ्यांना शिकविली गेली, तीही प्रथिनांची तीच तूट भरून काढते, जी पूर्वी पावट्याची इरवड भरीत असे. इरवडीने जमिनीलाही नत्र मिळे आणि घरात कालवणही होई, म्हणून होसकोटे-कोलारकडे जेथे अजून नाचणी उभी राहते तेथे ती मोडू न देणे मला अधिक निकडीचे वाटते.