भिंत, नजर आणि स्वतंत्रपूर

मराठीतील तुरुंगवाङ्मयाची परंपरा प्रामुख्याने राजबंद्यांची आहे. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ असो, विनोबांची १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली गीताप्रवचने असोत की नाशिकच्या तुरुंगात सिद्ध झालेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ असो, येथे लिहिणाऱ्याचा कारावास नैतिकदृष्ट्या आधीच निर्दोष ठरलेला असतो. त्यामुळे या संहिता सत्तेच्या अन्यायाविषयी प्रश्न विचारतात. परंतु खरोखरच गुन्हा केलेल्या माणसाला कोंडण्याचा समाजाला कोणता अधिकार आहे, हा प्रश्न त्यांच्या केंद्रस्थानी येत नाही. सामान्य कैदी त्यांत असला तरी बहुधा पार्श्वभूमीवर असतो. या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर वाङ्मयाबाहेर, जुन्या सातारा-सांगली परिसराच्या इतिहासाकडे वळावे लागते.

औंध हे सुमारे ७२ गावांचे छोटे, विखुरलेले संस्थान. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या मार्गदर्शनाने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळच्या माळरानावर ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे शेती करू लागले. या दोन घटना एकाच विचारव्यूहात वाचल्या पाहिजेत. प्रजा स्वतःचे शासन करू शकते, हे एकदा मान्य केल्यावर कैदी स्वतःला आवरू शकतो, हे नाकारण्याला तात्त्विक आधार उरत नाही.

याच भूभागात याच काळात शिक्षेची आणखी दोन रूपे दिसतात. सांगलीचा तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तो फोडून बाहेर पडले. पाठलागात गोळीबार झाला, दोघे हुतात्मा झाले, दादा जखमी झाले. तट, खंदक आणि बंदूक यांवर उभ्या असलेल्या तुरुंगाची मर्यादा त्या दिवशी उघड झाली. दुसरे रूप क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे. १९४३ ते १९४६ या काळात त्याच्या न्यायदान मंडळांनी गावोगाव निवाडे केले. भूमिगत सत्तेला तुरुंग बांधणे शक्यच नव्हते. म्हणून दंड, तळपायांवर मार, अशा शिक्षा आल्या. ‘पत्री सरकार’ या नावाभोवतीच्या आख्यायिका त्याच शिक्षांच्या स्मृतीतून वाढल्या. येथे एक अडचणीचे सत्य लक्षात घ्यावे लागते: तुरुंगाचा पर्याय हा तुरुंगापेक्षा सौम्य असतोच, असे नाही.

स्वतंत्रपूर सर्वदूर पोचले ते व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटातून. त्याची कथा माणदेशातील शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपटाचे शीर्षकच एक श्रमविभागणी सांगते: डोळे जेलरचे, हात कैद्यांचे. पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांना जे मागे खेचते ती भिंत नसून जेलरची नजर असते. त्याच्या मृत्यूनंतरही ती आकाशातून पाहत राहते. मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये आधुनिक तुरुंगाची जी मीमांसा केली, तिच्या प्रकाशात हा शेवट अस्वस्थ करणारा ठरतो. भिंत नाहीशी झाली ती नजर अंतःकरणात बसवली गेली म्हणून काय? मग हे स्वातंत्र्य की अधिक सूक्ष्म असे नियंत्रण?

हा आक्षेप चित्रपटाला लागू पडतो. स्वतंत्रपूरला मात्र पुरता लागू पडत नाही. कारण प्रत्यक्ष वसाहतीचे वैशिष्ट्य असे, की तेथे कैदी आपल्या बायकामुलांसह राहू शकतो. चित्रपटात मध्यवर्ती नाते जेलर आणि कैदी यांचे आहे; वसाहतीत त्या नात्याला घरातील, शेजारातील आणि बाजारातील नात्यांनी छेद दिला जातो. ज्याच्याकडे पाहिले जाते तो येथे कुणाचा तरी नवरा, बाप, शेजारीही असतो. शिवाय सामान्य कारावासात निकालपत्रात नाव नसलेली माणसेही शिक्षा भोगतात. कुटुंबाला सामावून घेणारी ही रचना त्या अघोषित शिक्षेची दखल घेते. गांधीजी गुन्हेगाराला रुग्ण आणि तुरुंगाला रुग्णालय मानत. परंतु रुग्ण हाही अखेर उपचाराचा विषयच राहतो. घर चालवणारा माणूस मात्र कर्ता असतो.

स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे खुली वसाहत म्हणून चालू आहे. तेथे कोण जाणार, हे मात्र बंद तुरुंगातील वर्तणूक पाहून ठरते; म्हणजे विश्वासाची पात्रता आधी भिंतीआड सिद्ध करावी लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा हा शिक्षेचा प्रकार म्हणून प्रथमच स्वीकारला, पण काही किरकोळ गुन्ह्यांपुरताच. औंधने आरंभ केला तो नेमका दुसऱ्या टोकाकडून, गंभीर गुन्हेगारांपासून. त्या धाडसाची मीमांसा आपल्या समीक्षेने अद्याप पुरेशी केलेली नाही. ती करताना जेलरच्या डोळ्यांकडून त्या बारा हातांकडे, आणि ते हात ज्यांच्यासाठी राबत होते त्या माणसांकडे, आपली दृष्टी वळवावी लागेल.