सीडी-डीव्हीडीची फाइल सिस्टीम म्हणजे काय? आयएसओ ९६६०, जोलिएट आणि यूडीएफ सोप्या भाषेत

कपाट आवरताना आई-बाबांच्या लग्नाची किंवा तुमच्या बारशाची डीव्हीडी सापडते. तुम्ही ती मित्राच्या जुन्या लॅपटॉपमध्ये टाकता आणि स्क्रीनवर मेसेज येतो: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.

थांबा, ओके दाबू नका! असा मेसेज आला म्हणजे डिस्क रिकामीच आहे असं नाही. बऱ्याचदा डिस्कवरची फाइल सिस्टीम त्या कॉम्प्युटरला कळलेली नसते, इतकंच. ही भानगड नेमकी काय आहे ते आज बघूया.

फाइल सिस्टीम म्हणजे काय?

पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी डिस्कलाही असते. कोणती फाइल कुठून सुरू होते, किती मोठी आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. डेटा सीडी-डीव्हीडीवर २०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये साठवतात आणि अनुक्रमणिका सेक्टरचे नंबर सांगते.

तुमच्या मेमरी कार्डवर एफएटी३२ किंवा एक्सफॅट असते. तिथे फाइल डिलीट केली की अनुक्रमणिका त्याच जागी बदलता येते. सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर मध्ये मात्र लेझर रंगाच्या थरावर कायमची खूण करतो, ती पुसता येत नाही. सीडी-आरडब्ल्यू मध्ये खास मिश्रधातू असतो, तो साधारण १००० वेळा पुसून पुन्हा लिहिता येतो. पण एकाच जागी सारखं लिहिलं तर ती जागा लवकर झिजते. म्हणूनच या डिस्कसाठी वेगळ्या फाइल सिस्टीम बनवाव्या लागल्या.

१. आयएसओ ९६६०: सगळ्यांना कळणारी

हे स्टँडर्ड १९८८ मध्ये आलं. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमना एकच सीडी वाचता यावी हा त्याचा हेतू. डिस्कचे पहिले १६ सेक्टर मोकळे सोडलेले असतात आणि त्यानंतर डिस्कची माहिती सुरू होते.

पण नियम फार कडक होते. सर्वात साध्या लेव्हलला फाइलच्या नावात फक्त ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शनची ३. तीही इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढीच. फोल्डरमध्ये फोल्डर जास्तीत जास्त ८ पातळ्यांपर्यंत. फाइलची लांबी ३२ बिटमध्ये लिहिली जात असल्यामुळे एका सलग तुकड्यात ४ जीबीच्या आतलीच फाइल बसते.

डाउनलोड करताना दिसणारं 'डॉट आयएसओ' हे नाव याच स्टँडर्डवरून आलं. ती फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टर टू सेक्टर कॉपी.

२. जोलिएट आणि रॉक रिज: लांब नावांची सोय

विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने जोलिएट आणलं. यात नाव ६४ अक्षरांपर्यंत चालतं आणि ते युनिकोडमध्ये असतं. म्हणजे 'आजीचा वाढदिवस' असं देवनागरी नाव सुद्धा सीडीवर टिकतं!

यात गंमत अशी की जोलिएटवाल्या डिस्कवर दोन अनुक्रमणिका असतात, एक जुनी आयएसओ ९६६० ची आणि दुसरी लांब नावांची. फाइल मात्र एकदाच लिहिलेली असते. ज्या मशीनला जोलिएट कळत नाही त्याला मोडतोड करून लहान केलेलं नाव दिसतं. लिनक्स आणि युनिक्ससाठी असंच काम रॉक रिज करतं, त्यात फाइलच्या परवानग्याही साठवता येतात.

३. मल्टिसेशन: फोटो 'गायब' का होतात?

सीडी-आर वर आज २०० एमबी लिहिलं आणि पुढच्या महिन्यात अजून १०० एमबी, असं करता येतं. प्रत्येक वेळेच्या लिखाणाला सेशन म्हणतात. सेशन बंद करायलाही जागा लागते. सीडीवर पहिल्या सेशनला साधारण २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला साधारण १३ एमबी.

नवीन सेशन लिहिताना नवी अनुक्रमणिका बनते. त्यात जुन्या फाइल्सचे पत्ते घेतले तर सगळं दिसतं. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये जुनं सेशन जोडायला विसरलात तर फक्त नवीन फाइल्स दिसतात. जुने फोटो डिस्कवरच असतात, पण शेवटच्या अनुक्रमणिकेत त्यांचं नाव नसतं.

४. यूडीएफ: पेनड्राइव्हसारखी डिस्क

ओएसटीए या संस्थेने १९९५ मध्ये यूडीएफ आणलं. १९९७ च्या १.५० आवृत्तीत लिहिता येणाऱ्या डिस्कसाठी दोन युक्त्या आल्या:

- सीडी-आर साठी: फाइल बदलली की नवीन भाग पुढच्या कोऱ्या जागेत लिहायचा आणि शेवटी 'आता पत्ता हा' असा नवा तक्ता जोडायचा. या तक्त्याला व्हीएटी म्हणतात.
- सीडी-आरडब्ल्यू साठी: एखादी जागा खराब झाली तर तिच्याऐवजी राखीव जागा वापरायची आणि ती नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवायची.

यासाठी सीडी-आरडब्ल्यू आधी फॉरमॅट करावी लागते. डेटा ३२ सेक्टरच्या गठ्ठ्यांत लिहिला जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे ७ सेक्टर जोडणीला जातात. म्हणून ६५० एमबीच्या डिस्कवर हातात साधारण ५३० एमबीच येतात.

डीव्हीडी-व्हिडिओ मध्ये यूडीएफ १.०२ वापरतात, तर ब्लू-रे चित्रपटांसाठी २.५०. विंडोज एक्सपी स्वतःहून २.०१ पर्यंतच वाचू शकतं. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर २.५० मध्ये लिहिलेली डिस्क एक्सपीला वाचता येत नाही.

लक्षात ठेवा: डिलीट म्हणजे पुसलं नाही

सीडी-आर वर यूडीएफ असताना फाइल डिलीट केली तर फक्त अनुक्रमणिकेतलं नाव जातं. डेटा तिथेच राहतो आणि जागाही परत मिळत नाही. आधार किंवा पॅन कार्डचे स्कॅन असलेली डिस्क भंगारात देण्याआधी ती तोडाच.

विंडोजमधले दोन पर्याय

विंडोज ७ पासून कोरी डिस्क टाकली की दोन पर्याय विचारले जातात. 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' निवडलं तर यूडीएफ वापरलं जातं. फाइल टाकणं-काढणं सोपं होतं, पण ही डिस्क टीव्हीखालच्या प्लेयरवर बहुधा चालत नाही. 'सीडी/डीव्हीडी प्लेयरसह' निवडलं तर सगळ्या फाइल्स एकदम बर्न होतात आणि डिस्क जास्त ठिकाणी चालते. नातेवाइकांना द्यायची असेल तर दुसरा पर्याय घ्या.

जुनी डिस्क सापडली तर काय कराल?

१. फॉरमॅटचा मेसेज आला तर कॅन्सल करा. आरडब्ल्यू डिस्क असेल तर फॉरमॅट केल्यावर डेटा हातचा जाईल.
२. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून बघा. शक्यतो नवीन विंडोज किंवा लिनक्सवर.
३. ज्या कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर डिस्क लिहिली होती तो अजून चालू असेल तर त्यातच टाकून 'फायनलाइझ' करा. फायनलाइझ न केलेली डिस्क बाकी मशीनला रिकामी वाटू शकते.
४. काही फोटो कमी दिसत असतील तर आयएसओबस्टरसारखं सॉफ्टवेअर वापरा. त्यात प्रत्येक सेशन वेगळं दिसतं.
५. डिस्क वाचली गेली की लगेच पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल बनवा. डीव्हीडीवर 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर दिसलं तर ते अख्खं कॉपी करा. त्यातला व्हिडिओ १ जीबीपर्यंतच्या तुकड्यांत असतो, एकच तुकडा घेतला तर अर्धंच लग्न मिळेल!

फोनला थेट जोडता येईल का?

ओटीजी केबलने डीव्हीडी ड्राइव्ह जोडला तरी बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये डिस्क आपोआप उघडत नाही. फोन बाहेरच्या स्टोरेजवर एफएटी३२ किंवा एक्सफॅट शोधतो, आणि ड्राइव्हला वीजही जास्त लागते. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर कॉपी करून मग फोनमध्ये घ्या.

थोडक्यात

आयएसओ ९६६० सगळीकडे चालते, जोलिएट लांब आणि मराठी नावं देते, यूडीएफ मोठ्या फाइल्स आणि पुन्हा पुन्हा लिहिण्यासाठी. डिस्क 'रिकामी' दिसली तर आधी अनुक्रमणिकेवर शंका घ्या. आणि घरातल्या डिस्कची कॉपी याच रविवारी करून ठेवा, कारण रंगाचा थर दरवर्षी थोडा थोडा उतरत असतो आणि ड्राइव्ह असलेले लॅपटॉपही आता कमी होत चालले आहेत.