लॉरेन्सच्या गाडीपासून वालूरच्या स्प्लेंडरपर्यंत: हेल्मेटची गोष्ट

सुरुवातीलाच एक विनंती. कानात इअरफोन घालून, गाडी चालवत हा भाग ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या. एखादं लिंबाचं झाड बघा, सावलीत लावा आणि मग ऐका. आजचा विषयच तसा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप नेहमीप्रमाणे थोडं साफसूफ करून टाकलंय.

विषय आहे हेल्मेट. थांबा, लगेच बंद करू नका! 'हेल्मेट घाल' हे सांगायला पोलीस आहेत, आरटीओ आहे, घरी आई आहे. मी त्यात भर घालणार नाही. मी इतिहास सांगणार आहे: ही वस्तू डोक्यावर आली कशी, कायद्यात शिरली कशी, आणि आपल्या परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावाकडे येता येता अडकली कुठे.

वालूर का? कारण तिथली बारव. गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची अशी बारव सहसा बघायला मिळत नाही. महाराष्ट्रातल्या बारवांच्या नोंदी करणारे रोहन काळे राज्यभर दुचाकीवर फिरले. मार्च २०२२ च्या 'मन की बात'मध्ये त्यांच्या कामाचा उल्लेख झाला. आता बारवा बघायला जॅकेट, ग्लोव्हज, फुल फेस हेल्मेट घातलेले रायडर गावोगावी जातात. आणि त्यांच्या बाजूनं गावातली स्प्लेंडर जाते: ट्रिपल सीट, मधे पोरगं, हँडलला दुधाची कॅन, हेल्मेट शून्य. एकाच रस्त्यावर दोन जगं. हा फरक आला कुठून, ते बघू.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, १९३५ साली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा बघितला असेल तर त्याची सुरुवातच मोटारसायकलच्या अपघातानं होते. तो अपघात खरा आहे. टी. ई. लॉरेन्स पहिल्या महायुद्धातला गाजलेला माणूस आणि गाड्यांचा प्रचंड शौकीन. ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली अत्यंत महागडी, वेगवान गाडी त्याच्याकडं होती. १३ मे १९३५ ला घराजवळच्याच रस्त्यावर सायकलवरच्या दोन पोरांना वाचवताना तो गाडीवरून फेकला गेला. डोक्याला मार लागला. सहा दिवसांनी, १९ मे रोजी तो गेला. वय ४६. युद्धातून वाचलेला माणूस घराजवळच्या रस्त्यावर गेला, हे जरा लक्षात ठेवा.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. लॉरेन्स तर हातून गेला, पण हे प्रकरण केर्न्स यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं दुसरं महायुद्ध लागलं. सैन्यात निरोप पोचवणारे जवान मोटारसायकलवर पळायचे आणि शत्रूच्या गोळीशिवायच रस्त्यावर मरायचे. केर्न्स यांनी मोजायला सुरुवात केली. १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी मांडलं की युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकल चालवणारे आणि मागं बसणारे मिळून २,२७९ जण रस्त्यावर मेले. आणि हेल्मेट असताना अपघात झालेले किती जण त्यांनी तपासले होते? फक्त सात. सातही जगले.

मी इंजिनिअर असल्यामुळे सांगतो, सात हा आकडा फार छोटा आहे. एवढ्यावर कुणी ठाम निष्कर्ष काढत नाही. पण केर्न्स यांनी मोजणं थांबवलं नाही आणि सैन्यानंही वाट बघितली नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये ड्युटीवरच्या जवानांना हेल्मेट सक्तीचं झालं. सामान्य ब्रिटिश माणसाला मात्र ते सक्तीचं व्हायला १९७३ उजाडलं. म्हणजे ३२ वर्षं! 'आम्हाला का सांगता' हा आवाज तिकडंही होताच.

आता थोडं गणित. ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं डोकं थेट आदळणं म्हणजे साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून पडणं, दुमजली माडीवरून म्हणा ना. ६० चा वेग असेल तर १४ मीटर, म्हणजे चार मजले. हेल्मेट काय करतं? बाहेरचं कवच मार पसरवतं आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपतो. त्या चेपण्यात डोक्याला थांबायला काही मिलीसेकंद जास्त मिळतात. तेवढ्यात मेंदूवरचा झटका खूप कमी होतो. म्हणूनच मोठा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलायचं असतं. आतला थर एकदाच कामाला येतो. आणि पट्टा लावला नसेल तर? डोकं आदळायच्या आधीच हेल्मेट उडून जातं. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळं मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केर्न्स यांच्या सात जणांचं पुढं काय झालं, ते हे.

आपल्याकडं मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यात हेल्मेटचं कलम आलं १९७७ च्या दुरुस्तीनं. मग हैदराबादमध्ये पोलिसांनी सक्ती केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हैदराबाद म्हणजे मराठवाड्याची जुनी राजधानी, १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. मुद्दा असा होता, की सक्तीमुळं हिंडण्याफिरण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते. १९८८ मध्ये अजय कानू खटल्यात कोर्टानं हे म्हणणं फेटाळलं. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात कलम १२९ आलं आणि देशभर चालवणारा आणि मागं बसणारा, दोघांनाही हेल्मेट आलं. कागदावर.

आता त्याच वर्षांत मराठवाड्यात काय चाललं होतं बघा. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. त्याआधी गावात गाडी म्हणजे एखाद्याची राजदूत, नाहीतर येझदी. कमी पेट्रोल पिणाऱ्या या गाड्यांनी चित्र बदललं. १९९४ ला स्प्लेंडर आली, २००१ ला पल्सर. बाजार, दवाखाना, शाळा, शेत, पाहुण्याचं लग्न, सगळं गाडीवर. गाडी घरातला माणूस झाली. हेल्मेट मात्र 'शहरातली वस्तू' म्हणून राहिलं, कारण ते आलंच दंडाच्या पावतीबरोबर, आणि पावती फाडणारा पोलीस शहरातल्या चौकात उभा. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' काढून बघितलं, पण पंपवाल्यांच्या विरोधामुळं ते बारगळलं. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्ती झाली, तर लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. भांडण कायम पोलीस विरुद्ध पब्लिक असंच राहिलं. केर्न्स आणि त्यांचा हिशेब त्यात कुणी आणलाच नाही.

तो हिशेब आज केला तर? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्त्यावर मेले. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ नुसते मागं बसलेले. आणि गावाकडच्या भागातले मृत्यू शहरातल्यांच्या दुपटीपेक्षा जास्त. म्हणजे पोलीस जिथं उभा आहे, तिथं कमी माणसं मरतात.

आपल्या सेलू-जिंतूर पट्ट्यातला रस्ता आठवा. सुगीत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. हंगामात अंधारातून जाणारी उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पांढरा पट्टा नसलेला स्पीड ब्रेकर. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळा चिखल, त्यावर चाक आलं की संपलंच. मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली वहिनी, मांडीवर लेकरू. सगळ्यांचं एकच वाक्य: 'इथंच तर जायचंय.' लॉरेन्सलाही इथंच तर जायचं होतं.

माझ्यासारखी गावाकडची पोरं पुण्यात कंपनीच्या गेटवर मुकाट हेल्मेट घालतात, कारण त्याशिवाय आत सोडत नाहीत. तीच पोरं दिवाळीला गावी आली की हेल्मेट खुंटीला. उलटं पाहिजे ना! पुण्यात पडलो तर दवाखाना दहा मिनिटांवर. इथं डोक्याला मार लागला तर सीटी स्कॅन, मेंदूचा डॉक्टर हे सगळं परभणी, नाहीतर छत्रपती संभाजीनगर-नांदेड. तोवर काय होतं, ते आपल्यापैकी बऱ्याच घरांना माहिती आहे.

तर मंडळी, या इतिहासातून मला एवढंच कळलं: हेल्मेट पोलिसांसाठी निघालंच नव्हतं. एका डॉक्टरनं मेलेली माणसं मोजली, त्यातून ते आलं. जाता जाता कामाच्या तीन गोष्टी. घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. दोन घ्या, मागं बसणाऱ्याचं डोकंही तेवढंच आहे. आणि कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन लावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून पुढं जाऊ नका.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण? मग हेल्मेट घालून वालूरची बारव बघायला या. आणि झाडाखाली गाडी लावून ऐकत असाल, तर आता इअरफोन खिशात, पट्टा लावा, आणि निघा. भेटू पुढच्या भागात.