घोड्याचे मांस आणि बैलाचा कडबा

इसवी सन 732 मध्ये पोपमहोदय ग्रेगरी तिसरे यांनी जर्मन प्रदेशात सुवार्ताप्रसार करणाऱ्या संत बोनिफास यांना एक पत्र धाडले. तेथील नवख्रिस्ती लोक रानातील व घरचे घोडे मारून खात. ती चाल बंद करावी आणि खाणाऱ्यांना प्रायश्चित्त द्यावे, अशी त्यात आज्ञा होती. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आम्ही ही हकिकत हसत हसत ऐकली. तिचा पुढील भाग मात्र हसण्यासारखा नाही. सन 1000 च्या सुमारास आइसलंडच्या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोड्याचे मांस खाण्याची मुभा तिने राखून ठेवली. ही सवलत काही वर्षांतच काढून घेण्यात आली. त्या बर्फाळ बेटावर म्हाताऱ्या घोड्याला हिवाळाभर वैरण कोणी घालायची, हा प्रश्न सधनापेक्षा गरिबाला अधिक बोचला असणार.

अगदी अलीकडे तोच प्रश्न अमेरिकेत उभा राहिला. तेथील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2011 मध्ये परिणामांचा हिशेब मांडला. 2010 या एका वर्षात सुमारे 1 लाख 38 हजार घोडे कत्तलीसाठी मेक्सिको व कॅनडात गेले होते. बंदीपूर्वीही एकूण जवळपास तेवढेच घोडे कत्तलीला जात. हलक्या घोड्यांचे भाव 8 ते 21 टक्क्यांनी उतरले. एकट्या कोलोरॅडो राज्यात हेळसांडीच्या चौकशा 2005 मध्ये 975 होत्या, त्या 2009 मध्ये 1,588 झाल्या.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. येथे घोड्याच्या जागी बैल आहे. गाईविषयी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आदरणीय आहे आणि तिच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो खर्चाचा. महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्याने गाय व तिची वासरे यांच्या कत्तलीस मनाई केली, परंतु निकामी बैलासाठी दाखल्याची वाट मोकळी ठेवली. यामागे सर्वोच्च न्यायालयाचा 1958 चा हनीफ कुरेशी खटल्याचा निवाडा होता. निरुपयोगी जनावरे चारा खातात आणि कामाच्या जनावरांची उपासमार होते, हे वास्तव न्यायमूर्तींनी त्यात विचारात घेतले होते. 2005 मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हे मत बदलले. बैलांनाही संरक्षण देणारी दुरुस्ती आपल्या विधिमंडळाने 1995 मध्येच संमत केली होती. तिला राष्ट्रपतींची मान्यता मात्र फेब्रुवारी 2015 मध्ये मिळाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये परराज्यातील मांस बाळगण्यावरील बंदी रद्द केली, कत्तलबंदी कायम ठेवली.

वेळ मोठी कठीण होती. 2015-16 मध्ये मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. त्या वर्षी माझ्या धर्मग्रामातील एक कोरडवाहू शेतकरी म्हातारा बैल घेऊन तीन वेळा गुरांच्या बाजारी गेला आणि तिन्ही वेळा त्याच कासऱ्याने त्याला घरी घेऊन आला. पूर्वी असा बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घातली की नवा गोऱ्हा मिळे. कायद्याने ती साखळी तोडली. ‘फादर, पोळ्याला मीच याची पूजा केली, आता यालाच काय खाऊ घालू?’ असे तो म्हणाला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

खर्च किती, ते सरकारच्याच आकड्यांवरून समजते. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीतील मोठ्या जनावरामागे दिवसाचे अनुदान 100 रुपयांवर न्यावे लागले; म्हणजे वर्षाकाठी 36,500 रुपये. 2024 मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज 50 रुपये मंजूर झाले. शेतकऱ्याच्या गोठ्यातील भाकड जनावराला यांतील काहीच नाही. पकडलेली जनावरे खटला चालेपर्यंत गोशाळेत राहतात आणि 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांच्या पालनपोषणाचा खर्च मालक व वाहतूकदार यांच्याकडून वसूल करता येतो. गुन्हा सिद्ध होण्याआधीच हा भार सुरू होतो.

पशुगणनेत राज्यातील गोवंश 2012 मध्ये सुमारे 1 कोटी 55 लाख होता, 2019 मध्ये तो 1 कोटी 40 लाखांवर आला. दुष्काळ आणि ट्रॅक्टर हीदेखील त्याची कारणे आहेत. सारा दोष कायद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याला म्हातारपणी विकता येत नाही, तो बैल पाळण्यास लहान शेतकरी कचरणार, हे उघड आहे.

2025 च्या पावसाळ्यात वाटेत होणाऱ्या अडवणुकीला व मारहाणीला कंटाळून राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली. कायद्याने ज्यांच्या कत्तलीवर बंदी नाही, त्या म्हशींनाही मग गिऱ्हाईक मिळेना. त्यांच्या बाजूने बोलायला अनेक ठिकाणी पुढे आले ते शेतकरीच.