बडोदे संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालये : सेवा व उपक्रम

बडोदे संस्थानात १९१० पासून सरकारी आश्रयाने उभी राहिलेली आणि राजधानीपासून खेड्यापर्यंत विस्तारलेली विनावर्गणी ग्रंथालय-व्यवस्था. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३–१९३९) हे तिचे प्रवर्तक होत. मध्यवर्ती ग्रंथालय, प्रांत व कसब्यांची ग्रंथालये, गावांची ग्रंथालये व वाचनालये आणि फिरत्या पेट्या असे तिचे घटक होते. संपूर्ण राज्यासाठी आखलेली भारतातील पहिली सार्वजनिक ग्रंथालय-व्यवस्था असा तिचा उल्लेख ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात बहुधा केला जातो. एकेकटी सार्वजनिक ग्रंथालये मात्र त्यापूर्वीही देशात होती. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) व कोल्हापूर (१८५०) येथील वाचनालये लोकवर्गणीतून वा स्थानिक अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निघालेली होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. एका राज्याने आपल्या सर्व प्रजेसाठी ग्रंथालय-सेवा पुरविणे हे बडोद्याचे वेगळेपण मानतात.

पूर्वपीठिका : सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. शाळा सोडल्यावर मुलगा पुन्हा निरक्षर होऊ नये, यासाठी वाचनाची सोय गावातच हवी, हा विचार पुढच्या सर्व योजनेच्या मुळाशी होता. १९०६ च्या अमेरिका-दौऱ्यात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास बोलावले. बोर्डन यांनी मेलव्हिल ड्यूई यांच्या कोलंबिया येथील ग्रंथालय-शाळेत अध्यापन केले होते. १९१० ते १९१३ या काळात ते बडोद्यात होते. स्वतंत्र ग्रंथालय खाते, मध्यवर्ती ग्रंथालय आणि जिल्हा-खेड्यांसाठी स्वतंत्र विभाग अशी रचना त्यांनी घालून दिली.

या चळवळीचा आरंभ कोणापासून मोजावा, याविषयी एकमत नाही. मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३–१९३९) यांनी १९०६ पासून मित्रमंडळाच्या वतीने गावोगाव वाचनालये काढली होती. गुजराती लेखक त्यांना अग्रस्थान देतात, तर प्रशासकीय वृत्तांत बोर्डन यांच्या आगमनापासून इतिहास सुरू करतात. पुढे अमीन स्वतःच सरकारी ग्रंथालय खात्यात आले. ग्रामविभागाचे काम त्यांच्याकडे असल्याने दोन्ही प्रवाह एकत्र झाले.

प्रशासन : बोर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर हे खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ती जबाबदारी सांभाळली. कुडाळकर यांचे १९१९ मधील आणि दत्त यांचे १९२८ मधील पुस्तक ही या व्यवस्थेची मुख्य साधने होत.

अनुदान-पद्धती : तिहेरी वाटणी हा बडोदे योजनेचा गाभा. गावाने वा कसब्याने ग्रंथालयासाठी वर्षभरात जी रक्कम जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच मध्यवर्ती खात्याने द्यावी, असा नियम होता. म्हणजे खर्चाचा एक तृतीयांश भार लोकांवर व दोन तृतीयांश सार्वजनिक निधीवर पडे. सरकारी वाट्याला वरची मर्यादा असे : गावाच्या ग्रंथालयास वर्षाला १०० रुपये, कसब्याच्या ग्रंथालयास ३०० रुपये आणि प्रांताच्या ठिकाणच्या ग्रंथालयास ७०० रुपये. इमारत बांधायची असल्यासही याच प्रमाणात मदत मिळे. पैसा जमविण्याची पहिली पायरी गावाची असल्याने मागणी नसलेल्या ठिकाणी ग्रंथालय लादले जात नसे. मात्र सधन गावांना त्याचा लाभ अधिक व लवकर मिळाला असावा, असा आक्षेप या पद्धतीवर घेता येतो. बहुतेक गावांत ग्रंथालय शाळेच्या खोलीत, चावडीत वा धर्मशाळेत असे आणि शाळामास्तरच त्याचे काम पाहत. पुस्तके रास्त दरात मिळावीत म्हणून पुढे ग्रंथालयांची एक सहकारी संस्थाही काढण्यात आली.

मध्यवर्ती ग्रंथालयाच्या सेवा : महाराजांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. आरंभी ते शहराच्या मध्यभागी सरकारवाड्यात होते. देवघेव विभाग, संदर्भ विभाग, वृत्तपत्रे व नियतकालिकांचा वाचनकक्ष, बालविभाग आणि स्त्रियांचा विभाग असे त्याचे भाग होते. वाचकाकडून वर्गणी घेतली जात नसे. त्या काळच्या बहुतेक भारतीय ग्रंथालयांत पुस्तके कुलूपबंद कपाटांत असत आणि वाचकाने तालिकेतून नाव शोधून चिठ्ठी द्यावी लागे. बडोद्यात वाचकाला फडताळापर्यंत जाऊ देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

बालविभाग : मुलांसाठी स्वतंत्र दालन, चित्रांची पुस्तके आणि खेळ यांची सोय होती. वाचता न येणाऱ्या मुलानेही ग्रंथालयात यावे, हा त्यामागील हेतू.

स्त्रियांचा विभाग : स्त्रियांसाठी वेगळा वाचनकक्ष होता.

फिरती ग्रंथालये : ज्या गावात अजून ग्रंथालय निघाले नव्हते, किंवा निघाले तरी पुस्तके मोजकीच होती, अशा गावांसाठी ही सेवा होती. मजबूत लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरून ती रेल्वेने वा बैलगाडीने पाठवीत. पेटी गावात उघडली की तिचेच कपाट होई. जाण्या-येण्याचे भाडे खाते भरी, त्यामुळे गावाला एक पैसाही खर्च येत नसे. शाळामास्तर, गावचा अधिकारी किंवा एखादा जबाबदार गृहस्थ पेटीची हमी घेई. ठरावीक मुदतीनंतर ती परत जाऊन नव्या पुस्तकांची पेटी येई. काही पेट्या मिश्र विषयांच्या, तर काही स्त्रिया, मुले किंवा एखादा विशिष्ट विषय यांसाठी बांधलेल्या असत. प्रांताच्या ग्रंथालयात ठेवण्यास महाग पडतील अशी पुस्तकेही या मार्गाने खेड्यात पोहोचत.

महाराष्ट्रात याच प्रकारची सेवा अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून दिसते. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकगटाकडे देऊन ती ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी तिची पद्धत आहे. ही योजना लोकांच्या देणग्यांवर चालते. बडोद्यातील पेट्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत असे.

दृश्य-शिक्षण विभाग : निरक्षरांपर्यंत ग्रंथालयाची सेवा नेण्यासाठी जादूचा दिवा, काचेच्या चित्रपट्ट्या आणि चलच्चित्रे यांचा वापर होई. खात्याची माणसे यंत्र घेऊन गावोगाव जात आणि रात्री मोकळ्या जागेत विनामूल्य खेळ दाखवीत. आरोग्य, शेती, प्रवास व पुराणकथा असे विषय त्यांत असत. पुढे ग्रंथालयांतून होऊ लागलेले स्लाइड-व्याख्याने व चित्रपट-खेळ यांसारखे उपक्रम त्याच वळणाचे होत.

वर्गीकरण : बोर्डन यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण-पद्धती तयार केली. तिच्यात चार्ल्स अॅमी कटर यांच्या विस्तारशील वर्गीकरणातील अक्षरांचा मुख्य विषयांसाठी आणि ड्यूई यांच्या दशांश पद्धतीतील अंकांचा पोटविषयांसाठी मेळ घातला होता. ड्यूई पद्धतीत दहा मुख्य वर्गांत सर्व ज्ञान बसवावे लागते आणि भारतीय धर्म, तत्त्वज्ञान, भाषा व इतिहास यांना अगदी अपुरी जागा उरते. अक्षरे वापरल्याने मुख्य वर्गांची संख्या वाढली. तथापि भारतीय विषयांची अंतर्गत मांडणी परक्या चौकटीतच राहिली. ही पद्धती बडोद्याबाहेर फारशी रुजली नाही. शियाली रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण-पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर देशी वर्गीकरणाची चर्चा वेगळ्याच पायावर सुरू झाली.

प्रशिक्षण : बोर्डन यांनी १९११ मध्ये ग्रंथालय-कामाचा वर्ग सुरू केला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला वर्ग समजला जातो. लाहोर येथे पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांचा वर्ग त्यानंतर १९१५ मध्ये सुरू झाला.

नियतकालिक : ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक १९१२ मध्ये बडोद्यातून निघाले. कुडाळकर हे त्याचे संपादक होते. इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत मजकूर देणारे हे नियतकालिक ग्रंथालय विषयाला वाहिलेले भारतातील पहिले मानतात. ते अल्पायुषी ठरले. खेड्यातल्या ग्रंथपालाला इंग्रजी येत नसे, म्हणून गुजराती व मराठी विभागांत पुस्तकांच्या याद्या, तालिका करण्याच्या सूचना आणि इतर ग्रंथालयांच्या बातम्या देण्याकडे कल होता.

हस्तलिखिते : पाटण हे बडोदे संस्थानातील गाव. तेथील जैन भांडारांतील हस्तलिखितांची पाहणी चिमणलाल डाह्याभाई दलाल यांनी संस्थानच्या वतीने केली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून १९१५ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. राजशेखराचा ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ. हा विभाग पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर या स्वतंत्र संस्थेत रूपांतरित झाला आणि आज तो महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे.

मराठी वाचक व ग्रंथनिर्मिती : संस्थानची बहुसंख्य प्रजा गुजराती भाषक होती, तर राजघराणे व अधिकारीवर्गाचा मोठा भाग मराठी भाषक होता. त्यामुळे राजधानीतील ग्रंथसंग्रहात मराठीला ठळक स्थान मिळाले. खेड्यातील पेट्यांत साहजिकच गुजराती पुस्तके अधिक असत. देशी भाषांत वाचनीय पुस्तके पुरेशी नाहीत, हे लक्षात घेऊन महाराजांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपये वेगळे काढून ठेवले. त्यांच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ या ग्रंथमाला गुजराती व मराठीत निघाल्या. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१ व १९३४ मध्ये भरले. कान्होबा रामचंद्र कीर्तिकर, न. चिं. केळकर आणि ना. गो. चापेकर हे अनुक्रमे त्यांचे अध्यक्ष होते. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषविले. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावे संमेलनही बडोद्यात झाले.

इमारत : मध्यवर्ती ग्रंथालय १९३१ मध्ये मांडवी भागातील स्वतंत्र इमारतीत गेले. पोलादी फडताळे व मजल्यांची काचेची फरशी ही तिची वैशिष्ट्ये. काचेमुळे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो आणि आगीचा धोकाही कमी होतो.

विलीनीकरणानंतर : १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून हा भाग गुजरातमध्ये आला. मध्यवर्ती ग्रंथालय राज्य सरकारकडे गेले. गुजरातचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा २००१ चा आहे.

वार्षिक उपक्रम : शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांचे कार्यक्रम हल्ली बहुधा ठरलेल्या दिवसांभोवती आखले जातात. २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट रंगनाथन यांच्या जन्मदिनानिमित्त ग्रंथपाल दिन, ८ सप्टेंबर साक्षरता दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह हे त्यांतील मुख्य. महाराष्ट्रात १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन यांची भर पडते. शिवाय जिल्हा ग्रंथोत्सव भरतात. ग्रंथप्रदर्शन, लेखकभेट, कथाकथन, अभिवाचन व मुलांच्या स्पर्धा हे नेहमीचे प्रकार. स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका हा अनेक शहरी ग्रंथालयांतील सर्वांत गर्दीचा भाग झाला आहे.

मूल्यमापन : बडोद्याच्या व्यवस्थेला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. महाराजांचे हुकूम, अनुदानाचे नियम आणि अंदाजपत्रकातील तरतूद यांवर ती चालली. भारतीय भूमीवरील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानने केला. मद्रासचा १९४८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरचा पहिला होय आणि त्यात ग्रंथालय-उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यात उपकर नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी करून त्यांना सरकारी अनुदान देण्याची त्याची रीत आहे. लोकांचा पुढाकार व सरकारचा पैसा हे बडोद्याचे सूत्र तिच्यात ओळखता येते, पण बडोद्याची सेवा विनावर्गणी होती आणि महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित ग्रंथालये आजही वर्गणी व अनामत घेतात.