मायक्रोआरएनए मापन : अनुस्फुरण पद्धती

रक्त, लाळ, ऊतक इ. जैविक नमुन्यांतील मायक्रोआरएनएचे प्रमाण अनुस्फुरक रंजकांच्या साहाय्याने ठरविण्याच्या पद्धती. सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे हे आरएनए प्रथिने घडवीत नाहीत; संदेशवाहक आरएनएला जुळून प्रथिननिर्मितीला आवर घालतात. पहिला मायक्रोआरएनए (लिन-४) १९९३ मध्ये गोलकृमीत आढळला. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद्धती : मायक्रोआरएनए आखूड व अल्प प्रमाणात असतात; लेट-७ सारख्या कुलातील काही सदस्यांत एकाच न्यूक्लिओटाइडचा फरक असतो; म्हणून त्यांचे मापन अवघड असते. संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांच्या मॉलिक्युलर बीकनमध्ये (१९९६) केसांच्या पिनेसारख्या वळलेल्या डीएनएच्या एका टोकाला रंजक, तर दुसऱ्याला त्याची चमक दाबणारा शमक असतो. लक्ष्य मायक्रोआरएनए जुळताच पीळ उलगडून रंजक चमकतो. एका लक्ष्यरेणूमागे एकच बीकन उजळत असल्याने अल्प प्रमाणासाठी संकेत वाढवावा लागतो. स्टेम-लूप प्रायमरच्या पीसीआरमध्ये (२००५) आखूड आरएनएपासून लांब डीएनए बनवून त्याच्या प्रती वाढवितात. प्रती वाढविण्याचीच रोलिंग सर्कल पद्धत एकाच तापमानावर चालते. डीएसएन विकर आरएनएला जुळलेला डीएनएच तोडतो, त्यामुळे मोकळे झालेले लक्ष्य पुन्हा वापरात येते.

नमुना : हेपारिन पीसीआरला अडथळा आणते, म्हणून ईडीटीएची नळी वापरतात. तांबड्या पेशींत मिआर-४५१ हा मायक्रोआरएनए विपुल असतो. नमुन्यात पेशी फुटल्यास प्लाझ्मातील आकडे फुगतात. ही चूक ओळखण्यासाठी मिआर-४५१ व मिआर-२३ए यांचे गुणोत्तर पाहतात.

चंद्रपूर–गडचिरोलीचा संदर्भ : या जिल्ह्यांत सिकलसेल आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी शरीरातच फुटत असल्याने वाढलेला मिआर-४५१ आजारामुळे की नमुना हाताळताना, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दुर्गम गावातून नमुना पाठवायचा असल्यास प्लाझ्मा लवकर वेगळा करणे व थंड ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. सिकलसेल रुग्णांतील मिआर-१४४ चे वाढलेले प्रमाण व तीव्र रक्तक्षय यांचा संबंध २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधनात दिसून आला.

सिकलसेलच्या निदानासाठी मात्र या मापनाची गरज नाही. प्राथमिक तपासणी सोल्युबिलिटी चाचणीने होते. वाहक (एएस) व रुग्ण (एसएस) यांतील फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळतो. आजाराच्या तीव्रतेचा अंदाज घेण्यासाठी मायक्रोआरएनएचा उपयोग अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहे.