गायीचे दान आणि कालवडीचे ऋण

परोपकाराच्या इतिहासात दात्यांची नावे पुष्कळ आढळतात. घेणाऱ्याचा मान राखणाऱ्या योजना मात्र विरळा. आज अशाच एका योजनेची हकीकत सांगावयाची आहे.

१९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाने दुधाच्या उत्पादनावर मर्यादा घातली. दूध फार झाले म्हणून इंग्लंडमधील गवळी-शेतकऱ्यांना आपल्या चांगल्या दुभत्या गायीही कमी कराव्या लागल्या. त्याच काळात पूर्व आफ्रिकेतील युगांडात अगदी उलट स्थिती होती. १९७१ ते १९७९ ही इदी अमीनची राजवट आणि नंतरची यादवी यांनी तेथील खेड्यांचे गोठे ओस पाडले होते. एकीकडे नकोसे झालेले दूध, दुसरीकडे दुधावाचून वाढणारी मुले! हे पाहून इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील काही ख्रिस्ती शेतकऱ्यांनी १९८८ साली विमानाने युगांडात गायी पाठविल्या. त्यातून 'सेंड अ काऊ' ही संस्था उभी राहिली.

संस्थेचा मुख्य नियम एकच. गाय मिळालेल्या कुटुंबाने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यावयाची. ही कल्पना अगदी नवी नव्हती. स्पेनच्या यादवीत मुलांना दूध वाटणाऱ्या डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकऱ्याला कळून चुकले होते की, पेलाभर दुधाने आजची भूक भागते, उद्याची नाही. त्याच्या प्रयत्नाने १९४४ साली १७ कालवडी प्वेर्तो रिकोला रवाना झाल्या आणि तेथपासून हा प्रघात पडला.

परंतु गाय म्हणजे केवळ देणगी नव्हे, ती जबाबदारीही आहे. परदेशी गायीला गोचिडांपासून होणारा ताप सोसत नाही. मोकळ्या रानात चरावयास सोडल्यास ती दगावण्याची भीती. म्हणून कुटुंबाने आधी गोठा बांधावा, नेपियर गवत लावावे, जनावराची निगा शिकून घ्यावी आणि मगच गाय न्यावी, अशी रीत ठरली. गाय गोठ्यातच बांधलेली असल्याने शेण वाया जात नाही. त्याचे खत परसातल्या भाजीला मिळते. दूध मुलांच्या पोटात जाते, उरलेले विकून शाळेची फी भरता येते.

१९९६ साली इंग्लंडच्या गुरांतील मेंदूरोगामुळे तेथून गायी पाठविणे बंद पडले. योजना संपावयाची ती वेळ होती. पण ती संपली नाही. जनावरे आफ्रिकेतच घेतली जाऊ लागली, आणि संस्थेचा भर जनावरापेक्षा शिक्षणावर आला. खताची टोपली मध्यभागी ठेवलेले गोल वाफे, शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या असे अनेक मार्ग निघाले. २०२२ साली संस्थेने आपले जुने नावही सोडले आणि 'रिपल इफेक्ट', म्हणजे तरंगांची मालिका, असे नवे नाव घेतले.

या योजनेचे खरे बळ दुधात नाही, कालवडीच्या ऋणात आहे. जे कुटुंब काल याचक होते, ते कालवड सुपूर्द करण्याच्या दिवशी साऱ्या गावासमोर दाते म्हणून उभे राहते. ज्याला देण्याची संधी मिळाली, त्याची मान पुन्हा खाली जात नाही. मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.